कॅल्क्युलसचं क्रेडिट हवंय, ऑनलाइन आणि परवडेल असं. कुठून करू?

रिकामी_वही

नमस्कार मंडळी. पोस्ट लांब आहे, आधीच माफी मागते.

मी बीकॉम, मग एमकॉम, दोन्ही पुण्यात. इकडे येऊन अकरा वर्षं झाली, सध्या कॅलिफोर्नियात, बे एरिया. सुरुवातीची बरीच वर्षं एच फोरवर (नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) घरीच गेली, मग ईएडी म्हणजे कामाचा परवाना आला आणि एका छोट्या ऑफिसात अकाउंट्सचं काम धरलं, ते अजून चालू आहे. आता मुलं जरा सुटी झालीयेत तर एमएस करायचं डोक्यात आहे, स्टॅटिस्टिक्स किंवा डेटा सायन्स यातलं काहीतरी. दोन-तीन स्टेट युनिव्हर्सिटींच्या साइट चाळल्या, सगळीकडे एकच रड, कॅल्क्युलस १, कॅल्क्युलस २ आणि लिनिअर अल्जिब्रा आधी झालेलं पाहिजे, आणि नुसतं "येतं मला" चालत नाही, ट्रान्सक्रिप्टवर म्हणजे कॉलेजच्या गुणपत्रिकेवर त्याचं क्रेडिट, म्हणजे कोर्स पास झाल्याची नोंद, दिसलं पाहिजे. बारावी कॉमर्सला मॅथ्स घेतलं होतं, मार्कही बरे होते, डेरिव्हेटिव्ह वगैरे शब्द ओळखीचे आहेत पण तेवढेच, रस्त्यात जुना वर्गमित्र दिसावा आणि नाव आठवू नये तसं.

ऑनलाइन शोधायला बसले तर डोकं भंजाळलं. एक म्हणतो महिन्याला ९९ डॉलर भरा आणि हवे तेवढे कोर्स करा, दुसरा म्हणतो एकच परीक्षा द्या आणि क्रेडिट घ्या, तिसरीकडे एकाच कोर्सचे दीड हजार. नवरा म्हणतो यूट्यूबवर सगळं फुकट आहे, पैसे कशाला घालवतेस. त्याला क्रेडिट म्हणजे काय हे समजावून सांगण्यात दोन संध्याकाळी गेल्या.

तिन्ही कोर्स मिळून हजार-बाराशेच्या आत बसले तर बरं. नोकरी सांभाळून करायचंय, म्हणजे रात्री नऊनंतर आणि शनिवार-रविवार. कोणी केलंय का असं? कुठे फसायला होतं तेही सांगा प्लीज.

पावकिलो

अगं मी केलंय, आणि आधी चुकीचं करून मग बरोबर केलंय, त्यामुळे माझं ऐकच.

मला पण असंच एका मास्टर्ससाठी कॅल्क्युलस हवं होतं. मी ते महिन्याच्या सबस्क्रिप्शनवालं घेतलं. कोर्स वाईट नव्हता हां, छान छोटे छोटे व्हिडिओ, प्रत्येक युनिटनंतर चाचणी, आणि मी तर कोविडनंतरच्या त्या जोशात तीन आठवड्यांत संपवून टाकला. पास झाले, नवऱ्यासमोर बढाया मारल्या, आणि ट्रान्सक्रिप्ट युनिव्हर्सिटीला पाठवून दिली. महिन्याभराने उत्तर आलं की हे क्रेडिट आम्ही प्रीरिक्विझिट (आधी झालेला हवा तो कोर्स) म्हणून धरत नाही. दोन ओळींची ईमेल. मी तीन वेळा वाचली.

झालं असं होतं की हे जे कोर्स असतात ना, सोफिया, स्टडी डॉट कॉम, स्ट्रेटरलाइन वगैरे, ती कॉलेजं नाहीत. त्यांच्या कोर्सला एसीई म्हणजे अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनची *शिफारस* असते. शिफारस म्हणजे "हे साधारण इतक्या क्रेडिटचं काम आहे असं आम्हाला वाटतं", बस. एसीई कोणाला अ‍ॅक्रेडिटेशन (कॉलेज म्हणून मान्यता) देत नाही आणि कुठल्या युनिव्हर्सिटीवर सक्तीही करू शकत नाही. घ्यायचं की नाही ते समोरच्याच्या मर्जीवर. शिवाय बहुतेक ठिकाणी ते घेतलं तरी नुसतं क्रेडिट म्हणून चिकटवतात, ए बी असा ग्रेड येत नाही, आणि मास्टर्सवाल्यांना नेमका ग्रेडच बघायचा असतो.

अर्थात याचा अर्थ ते कोर्स टाकाऊ असा नाही. माझ्या नणंदेने अर्धवट राहिलेली बॅचलर्स पूर्ण केली, तिच्या युनिव्हर्सिटीने एसीईचे कोर्स सरळ घेतले, कॉलेज अल्जिब्रा आणि स्टॅटिस्टिक्स दोन्ही तिने तिथेच उडवले आणि बराच पैसा वाचवला. तिचा प्रश्न वेगळा होता, तुझा वेगळा आहे. तिला नुसती क्रेडिटं भरायची होती.

तर आधी कोर्स शोधू नकोस. आधी जिथे अ‍ॅडमिशन घ्यायचीये त्या डिपार्टमेंटला ईमेल टाक. अ‍ॅडमिशन ऑफिसला नाही, डिपार्टमेंटच्या ग्रॅज्युएट अ‍ॅडव्हायझरला. कॉलेजचं नाव, कोर्स नंबर, ऑनलाइन आहे, किती युनिट (म्हणजे क्रेडिट), सगळं लिहून विचार की हे चालेल का. फोनवर कोणी "हो हो चालतं" म्हणालं तर ते धरू नकोस, लेखी घे.

मी शेवटी आमच्या गावच्या कम्युनिटी कॉलेजमधून (स्वस्तातलं स्थानिक सरकारी कॉलेज) ऑनलाइन केलं. ट्रान्सक्रिप्टवर कुठे लिहिलेलंही नाही की ऑनलाइन आहे.

गोल_चष्मा

वरच्या पोस्टला अनुमोदन.

मी इथल्याच एका कम्युनिटी कॉलेजमध्ये पार्टटाइम गणित शिकवतो, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो. गैरसमज नसावा, कॉलेजची जाहिरात करायची नाहीये, मला त्याचं कमिशन मिळत नाही.

ताई, तुम्ही कॅलिफोर्नियात आहात म्हणजे तुम्ही शोधताय ते तुमच्या दारातच आहे. इथल्या कम्युनिटी कॉलेजची फी रहिवाशांना युनिटला ४६ डॉलर, २०१२ पासून तीच आहे. कॅल्क्युलस १ बऱ्याच कॉलेजांत पाच युनिटचं असतं, काही ठिकाणी चार. पाच धरलं तर २३०. कॅल्क्युलस २ चे तेवढेच. लिनिअर अल्जिब्रा तीन युनिटचं धरलं तर १३८. झाले ५९८. वर हेल्थ फी वगैरे किरकोळ लागते ती धरा. तुमच्या बजेटच्या निम्म्यात काम.

यात ग्यानबाची मेख म्हणजे "रहिवासी". टर्म सुरू व्हायच्या आधी एक वर्ष आणि एक दिवस इथे राहून झालेलं पाहिजे आणि त्याचे कागद पाहिजेत. एच फोरवाल्यांना रेसिडेन्सी मिळते, एफ वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावाल्यांना साधारण नाही. अर्ज भरताना व्हिसाचा प्रकार चुकीचा टाकला गेला तर सिस्टम नॉनरेसिडेंट करून टाकते आणि मग युनिटला काहीशे डॉलर जास्तीचं बिल बघून लोक घाबरून कोर्सच सोडतात. घाबरू नका, अ‍ॅडमिशन्सच्या खिडकीवर लीज आणि टॅक्स रिटर्न घेऊन जा, बदलून देतात.

आता कोर्स निवडताना. "बिझनेस कॅल्क्युलस" किंवा "अप्लाइड कॅल्क्युलस" नावाचा एक कोर्स असतो. बीकॉमवाल्यांना तो बघून आपलाच वाटतो. तो घेऊ नका! तो एकाच सेमिस्टरचा, त्यात ट्रिग्नॉमेट्री नसते किंवा नावाला असते, आणि त्याच्यावर कॅल्क्युलस २ घेता येत नाही. दरवर्षी माझ्याकडे एक तरी विद्यार्थी असा येतो की ज्याने तो चांगल्या ग्रेडने केलाय आणि आता पहिल्यापासून सुरू करतोय.

दुसरं, सेमिस्टर की क्वार्टर ते बघा. बे एरियात दोन्ही प्रकारची कॉलेजं आहेत. सेमिस्टरच्या दोन कोर्सांत जेवढं कॅल्क्युलस होतं ते क्वार्टरला तीन कोर्सांत पसरलेलं असतं. अर्धं इकडे अर्धं तिकडे केलं तर मधलं काहीतरी दोनदा होतं किंवा गळतं. एकाच कॉलेजात सलग करा.

वेळेचं गणित. एका युनिटला आठवड्याचे साधारण तीन तास, एक शिकायचा आणि दोन घरी. पाच युनिटला पंधरा तास. सोळा आठवडे. तुम्ही म्हणताय रात्री नऊनंतर आणि वीकेंड, जमेल, पण एका वेळी एकच कोर्स. आणि समरला आठ किंवा सहा आठवड्यांत तोच कोर्स असतो, त्याच्या मोहात पडू नका, तास दुप्पट-तिप्पट होतात आणि नोकरीवाली माणसं तिसऱ्या आठवड्यात गायब होतात.

आणि खरं सांगू का, माझ्या वर्गात लोक कॅल्क्युलसमध्ये नापास होत नाहीत, अल्जिब्रात होतात. उदाहरण देतो. व्याख्येवरून १/क्ष चं डेरिव्हेटिव्ह काढायचं. लिमिट म्हणजे काय ते त्यांना कळलेलं असतं, मांडणीही बरोबर करतात, १/(क्ष+ह) वजा १/क्ष, आणि सगळं भागिले ह. इथे येऊन गाडी थांबते. कारण पुढची पायरी छेद समान करण्याची आहे, सातवी-आठवीची. तो छेद समान केला की वर क्ष वजा (क्ष+ह) उरतं, म्हणजे वजा ह, तो खालच्या ह बरोबर उडतो आणि उत्तर समोर येतं, वजा १/क्ष². पण कंसाबाहेरची वजाबाकी आत शिरताना लोक दुसऱ्या पदाचं चिन्ह बदलायचं विसरतात, मग ह उडतो खरा पण उत्तर अधिक १/क्ष² येतं, आणि मला ईमेल येते की सर लिमिट समजलं नाही.

त्यामुळे नाव नोंदवायच्या आधी दोन महिने ओपनस्टॅक्सचं प्रीकॅल्क्युलसचं पुस्तक घ्या, राइस युनिव्हर्सिटीचं आहे, फुकट आहे, आणि ट्रिग्नॉमेट्रीचे चॅप्टर हाताने सोडवा. बघू नका, सोडवा. कॉमर्सला ट्रिग नव्हतं तुम्हाला, तिथेच अडणार.

पावकिलो

छेद समान करण्याबद्दल वाचून शाळेतल्या बाई डोळ्यासमोर आल्या 😄

एक राहिलं. पुस्तकाचा खर्च बघ. फी २३० आणि वर होमवर्कच्या वेबसाइटचा अ‍ॅक्सेस कोड शंभरच्या पुढे, असं होतं. तो कोड सेकंडहँड मिळत नाही, वाचनालयात मिळत नाही. शेड्यूलमध्ये कोर्सच्या बाजूला "झिरो टेक्स्टबुक कॉस्ट" असं चिन्ह असतं, ते असलेला सेक्शन घे. आणि पास/नो पासचा ऑप्शन दिसेल, तो चुकूनही टिक करू नकोस, लेटर ग्रेडच ठेव.

उंटावरचा_शहाणा

सगळे इतकं का गुंतागुंतीचं करताय कळत नाही. एमआयटीचे लेक्चर २००२ पासून ओपनकोर्सवेअरवर टाकायला घेतलेत, खान अकॅडमी आहे, लामार युनिव्हर्सिटीच्या त्या पॉल्स ऑनलाइन नोट्स आहेत. गणित शिकायचं आहे की कागद गोळा करायचे आहेत? जॉर्जिया टेकचं ऑनलाइन कॉम्प्युटर सायन्सचं मास्टर्स २०१४ ला सुरू झालं, सगळी डिग्री सात हजार डॉलरच्या आसपास होते. कोलोरॅडो बोल्डरचं डेटा सायन्सचं मास्टर्स कोर्सेरावर आहे, तिथे आधीची ट्रान्सक्रिप्टच मागत नाहीत, त्यांचेच सुरुवातीचे कोर्स बी च्या सरासरीने पास झालात की प्रवेश. मग कशाला हा घाट?

रिकामी_वही

@उंटावरचा_शहाणा, कागद गोळा करायचे आहेत. स्पष्टच सांगते. शिकायचंही आहे पण कागदाशिवाय दार उघडत नाही, आणि दहा वर्षं मी फुकटचे व्हिडिओच बघत होते, अठ्ठावीस टक्क्यांच्या पुढे एकही गेलेला नाही. फी भरली आणि डेडलाइन आली की माणूस हलतं.

पण ते बोल्डरचं माहीत नव्हतं, बघते. थँक्स.

@गोल_चष्मा सर, छेद समान करून बघितला. माझंही उत्तर अधिक आलं. 😐 दुसऱ्यांदा वजा आलं.

टेक्सासचा_उन्हाळा

आम्ही पडलो टेक्सासात, ४६ डॉलर वाचूनच डोळे पांढरे झाले. तरी इकडेही कम्युनिटी कॉलेज स्वस्तच आहे, फक्त इथे "डिस्ट्रिक्ट"चा हिशोब असतो, त्या कॉलेजच्या हद्दीत घर असेल तर एक फी, हद्दीबाहेर दुसरी, राज्याबाहेर तिसरी. इथे एक बरं आहे, कोर्स नंबर सगळीकडे एकसारखे. कॅल्क्युलस १ म्हणजे मॅथ २४१३, कॉलेज अल्जिब्रा म्हणजे १३१४. नंबर सारखा असला की सरकारी युनिव्हर्सिटीत जाताना वाद कमी. कॅलिफोर्नियात त्यासाठी असिस्ट डॉट ऑर्ग आहे, त्यात कम्युनिटी कॉलेज आणि युनिव्हर्सिटी निवडली की कुठला कोर्स कशाच्या जागी धरतात ते समोरासमोर दिसतं. ते बॅचलर्सच्या ट्रान्सफरसाठी आहे, पण रिकामी_वही, तुम्हाला ईमेल लिहिताना पुरावा म्हणून जोडता येईल.

मी स्वतः मात्र कम्युनिटी कॉलेजमधून केलं नाही. माझी नोकरी फिरतीची, मंगळवारी रात्री अकरा एकोणसाठला क्विझ बंद होते म्हटलं की माझा जीव वर-खाली. मी नॉर्थ डकोटा युनिव्हर्सिटीचं सेल्फ-पेस्ड घेतलं. कधीही सुरू करा, तीन ते नऊ महिन्यांत संपवा, अ‍ॅक्रेडिटेड युनिव्हर्सिटीची ट्रान्सक्रिप्ट आणि लेटर ग्रेड. इलिनॉय युनिव्हर्सिटीचं नेटमॅथही त्याच जातीचं, ते आणखी महाग. दोन्हीत कॅल्क्युलसच्या पुढचे लिनिअर अल्जिब्रा वगैरे मिळतात. पण खर्च कम्युनिटी कॉलेजच्या कितीतरी पट हे लक्षात ठेवा. मी नऊ महिन्यांतले पहिले पाच काहीही केलं नाही आणि शेवटच्या चार महिन्यांत बायकोशी धड बोललोही नाही. सेल्फ-पेस्डमध्ये तो "सेल्फ" कसा आहे ते स्वतःलाच माहीत असतं.

कमी धोक्याचा एक प्रकार सांगतो, तुमच्यासाठी नाही पण कोणाला कॉलेज अल्जिब्रा किंवा प्रीकॅल्क्युलस हवं असेल तर. अ‍ॅरिझोना स्टेटचे युनिव्हर्सल लर्नर कोर्स आहेत. सुरुवातीला २५ डॉलर भरायचे, कोर्स करायचा, ग्रेड आला की तो बघून ठरवायचं, पाहिजे असेल तर ४०० भरून ट्रान्सक्रिप्टवर चढवायचा, नसेल तर विसरून जायचं.

टॅक्सचं पण बघा. लाइफटाइम लर्निंग क्रेडिट म्हणून आहे, एकच कोर्स घेतला तरी चालतो, खर्चाच्या २० टक्के आणि जास्तीत जास्त २,००० डॉलर. कॉलेज १०९८-टी फॉर्म देतं. पण नवरा-बायकोचं मिळून उत्पन्न १,८०,००० च्या वर असेल तर काही मिळत नाही, बे एरियात दोघं कमावते म्हणजे बहुधा विसराच. तुमच्या ऑफिसची ट्युइशन मदत असेल तर विचारा, वर्षाला ५,२५० पर्यंत टॅक्स न लागता देता येते त्यांना.

मुलीचा_बाबा

धागा हायजॅक करत नाही, छोटा प्रश्न. मुलगी अकरावीत आहे, तिला कॉलेजच्या आधीच मॅथ्सचं क्रेडिट काढून ठेवायचंय. क्लेप बरं की एपी?

शून्य_भागिले

@मुलीचा_बाबा, शाळेत एपी कॅल्क्युलस (हायस्कूलमधलाच कॉलेज पातळीचा कोर्स आणि परीक्षा) असेल तर एपीच, जास्त ठिकाणी चालतं. क्लेप पण कॉलेज बोर्डाचीच परीक्षा, २० ते ८० असा स्कोअर असतो आणि एसीईची शिफारस ५० ला क्रेडिट द्या अशी आहे. कॅल्क्युलसची दीड तासाची, पहिल्या भागात कॅल्क्युलेटर नाही, दुसऱ्यात स्क्रीनवर ग्राफिंग कॅल्क्युलेटर देतात. फी शंभरच्या आसपास. मॉडर्न स्टेट्स नावाची संस्था आहे, त्यांचा फुकट कोर्स पूर्ण केला की परीक्षेच्या फीचं व्हाउचर देतात, म्हणजे जवळजवळ फुकट. नापास झाली तर तीन महिने थांबून परत देता येते. पण अनेक नावाजलेल्या प्रायव्हेट युनिव्हर्सिटी क्लेपला विचारत नाहीत, तिच्या यादीतली कॉलेजं आधी तपासा. आणि शाळेतूनच कम्युनिटी कॉलेजला ड्युअल एनरोलमेंट करता येत असेल तर ते सगळ्यात बरं.

आता मूळ धाग्याबद्दल. ऑनलाइन म्हणजे परीक्षाही घरून असेल तर एक अनुभव सांगतो. मी एक प्रॉक्टर्ड (कॅमेऱ्यातून कोणीतरी नजर ठेवतं ती) परीक्षा दिली होती, कोणाची ते सांगत नाही. आधी लॅपटॉप हातात धरून सगळी खोली फिरवून दाखवायची. टेबलाखाली दाखवा. छत दाखवा. माझ्या मागे भिंतीवर कालनिर्णय लटकलेलं. पलीकडची बाई म्हणते हे काय लिहिलंय. म्हटलं कॅलेंडर आहे. म्हणे त्यावर आकडे आहेत. म्हटलं बाई, कॅलेंडरवर आकडेच असणार. म्हणे काढा. काढलं. तर पाठीमागे भिंतीवर मुलाने पेन्सिलीने लिहिलेला तेराचा पाढा. तो पुसेपर्यंत अकरा मिनिटं गेली. परीक्षा सुरू झाली आणि विसाव्या मिनिटाला आईने कुकर लावला. पहिल्या शिट्टीला चॅटमध्ये मेसेज आला, खोलीत दुसरं कोणी आहे का?

तर कॉलेजच्या टेस्टिंग सेंटरला जाऊन परीक्षा देता येत असेल तर सरळ तिथे जा.

पावकिलो

तेराचा पाढा 🤣🤣 मेले हसून

गोल_चष्मा

हाहा. आमच्याकडे पण होतं हे. सेक्शनच्या तळटिपेत लिहिलेलं असतं परीक्षा कुठे आहेत ते, नाव नोंदवताना ती बारीक अक्षरं वाचा.

अजून दोन गोष्टी आठवल्या. थेट कॅल्क्युलसला नाव घालताना सिस्टम प्रीरिक्विझिट मागेल. तुमची जुनी मार्कशीट काउन्सेलरला दाखवा, काही ठिकाणी त्यावर सोडतात, काही ठिकाणी चॅलेंज परीक्षा घेतात. हे काम नोंदणीच्या आदल्या दिवशी होत नाही, महिनाभर आधी करा. आणि नवीन विद्यार्थ्यांना नोंदणीची तारीख सगळ्यात शेवटची मिळते, तोपर्यंत ऑनलाइनचे सेक्शन भरलेले असतात. वेटलिस्टवर नाव टाका आणि पहिल्या दिवसापासून वर्गाच्या पानावर हजर राहा. पहिल्या आठवड्यात बरेच जण गळतात, मी तरी आधी ज्याने सभ्यपणे ईमेल केली त्यालाच अ‍ॅड कोड (भरलेल्या वर्गात नाव घालायचा नंबर) देतो.

आणि सोडायची वेळ आलीच तर दोन तारखा असतात, एक पैसे परत मिळण्याची, ती फार लवकर येते, आणि एक डब्ल्यू (कोर्स सोडल्याची नोंद) लागून का होईना पण सुटण्याची. दोन्ही कॅलेंडरवर लिहून ठेवा. कालनिर्णयवर लिहिलंत तरी चालेल.

रिकामी_वही

तीन आठवड्यांनी येतेय, अपडेट द्यायला.

डिपार्टमेंटला ईमेल टाकली, पावकिलोने सांगितलं तशी, कोर्स नंबरसकट. एकाचं उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं, कम्युनिटी कॉलेज चालेल, ऑनलाइन चालेल, लेटर ग्रेड हवा, सी चालणार नाही, बी पाहिजे. दुसऱ्याने उत्तर दिलं नाही, मग परत टाकली, मग आलं, पण त्यात वेगळंच, म्हणे कॅल्क्युलस ३ पण करा. अमृत म्हणून घ्यावं की विष कळेना, कारण साइटवर तसं कुठेच नाही. शेवटी ते दुसरं यादीतून काढलं सध्यापुरतं. तिसऱ्याने विचारलं की तुमच्या तीन वर्षांच्या बीकॉमचं इव्हॅल्युएशन (इथल्या डिग्रीशी तुलना करून दिलेला दाखला) आहे का, तर ते एमकॉमसकट करायला पाठवलंय, त्याचे पैसे मात्र मी बजेटमध्ये धरलेच नव्हते. तुमच्यापैकी कोणी भारतातली तीन वर्षांची डिग्री घेऊन इकडे अर्ज करत असेल तर ते आधी विचारा, कॅल्क्युलस नंतर.

रेसिडेन्सीला अगदी गोल_चष्मा सरांनी लिहिलंय तसंच झालं. अर्ज भरला, नॉनरेसिडेंट दाखवलं, पहिलं बिल बघून मी लॅपटॉप बंद करून भांडी घासायला घेतली. दुसऱ्या दिवशी लीज आणि दोन वर्षांचे टॅक्सचे कागद घेऊन गेले. काउंटरवरच्या मुलीने पाच मिनिटांत बदलून दिलं.

ट्रिग्नॉमेट्री चालू आहे. रोज रात्री एक तास. मोठा मुलगा आठवीत आहे, तो बाजूला बसून त्याचं करतो आणि मधूनच माझ्या वहीत डोकावतो. परवा म्हणाला, आई तू साइन आणि कोसाइन उलटं लिहिलंयस. लिहिलं होतं.

सबस्क्रिप्शनवालं घेतलं नाही, पण एक महिना फक्त सरावासाठी घ्यावं का असा विचार आहे. सांगा.

पावकिलो

नको गं. ओपनस्टॅक्स आणि यूट्यूब पुरे सरावाला. नवऱ्याला तेवढं तरी बरोबर ठरू दे.

रिकामी_वही

😂 बरं.

वेटलिस्टवर चौथी आहे, ऑगस्टमध्ये कळेल. सेक्शनच्या तळटिपेत लिहिलंय की ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागेल, टीआय-८४ किंवा तत्सम. नवा घ्यायचा तर शंभरच्या वर जातोय. बे एरियात कोणाकडे मुलांचा जुना पडून असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा प्लीज, विकत घेईन.

मुलीचा_बाबा

आहे आमच्याकडे. मोठ्या मुलाचा. बॅटरीचं झाकण हरवलंय, रबर बँड लावून चालतो. चालेल का?

रिकामी_वही

पळेल. व्यनि केलाय.